अक्काचा भाव

आप्पांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं तेव्हा मी गप्प बसले. वरून अक्षता टाकल्या तेव्हाही गप्प बसले. पण फोडलेल्या नारळाचं पाणी कीबोर्डवर शिंपडायला त्यांनी हात उचलला तेव्हा मात्र मला खुर्चीवरून उठावं लागलं.

"आप्पा, बंद पडंल ते."

"शुभकार्यात पाण्यानं काय बंद पडतंय," असं म्हणत माझ्या वडलांनी ते पाणी नाइलाजानं उंबऱ्यावर शिंपडलं. सांगलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं एवढंसं ऑफिस होतं, आणि त्या सकाळी तिथं माझं माहेरचं अख्खं गोत लोटलं होतं. काकू होत्या, मावशी होत्या, आष्ट्याचे मामा फेटा बांधून आले होते. पेढे फिरत होते. सगळ्यांचे डोळे त्या काळ्या पडद्याकडे लागले होते, कारण त्या दिवसापासून तिथं माझ्या थोरल्या बहिणीच्या कंपनीचं नाव येणार होतं. ते नाव लिहून त्याच्यापुढं भाव लिहिणारी मी होते.

अक्का सगळ्यांत शेवटी आली. कुपवाडच्या कारखान्यातून तशीच उठून आलेली, सुती साडी, कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी पूड. आज तरी बरी साडी नेसून यावं की नाही माणसानं. पण तिला ठाऊक होतं, पांढरे हात घेऊन आलं की लोक म्हणणार, बघा, आजसुद्धा काम सोडलं नाही. आणि म्हणालेच. मामांनी तर तिच्यासाठी खुर्ची सोडली. मी ठेवणीतलं इरकल नेसले होते, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"लाव गं राजू भाव," अक्का म्हणाली.

मी खरेदीचा भाव लिहिला, मग विक्रीचा. पडद्यावर हिरवे आकडे आले आणि टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या हे कळण्याइतकी अक्कल मला होती.

हा काय प्रकार होता ते सांगायला हवं, कारण तो बाजार आता कुणाच्या आठवणीतही उरलेला नाही. मोठ्या शेअरबाजारानं ज्यांना दारात उभं केलं नसतं अशा लहान कंपन्यांसाठी नव्वदच्या दशकात हा काउंटरवरचा बाजार निघाला होता. ओटीसी म्हणायचे त्याला. गावच्या दलालाकडं एक कॉम्प्युटर आणि एक फोनची लाइन आली की झालं काउंटर. कंपनीची नोंदणी करायची तर आधी मुंबईचा एक स्पॉन्सर गाठावा लागे. तो कंपनी तपासून बघे आणि तिच्या मागं उभा राहे. लहान कंपनीचे शेअर घेणार कोण आणि विकणार कोण, ही पंचाईत असायचीच, म्हणून नियम असा होता की स्पॉन्सरनं आणि त्याच्या जोडीला आणखी एका दलालानं त्या शेअरला रोज दोन भाव द्यायचे, एक खरेदीचा, एक विक्रीचा. कुणी विकायला आलं तर आपण घ्यायचे, कुणी घ्यायला आलं तर आपल्याजवळचे द्यायचे. नाही म्हणायची सोय नाही.

अक्काच्या कंपनीसाठी तो दुसरा दलाल म्हणजे आम्ही. परवाना माझ्या मिस्टरांच्या नावावर होता, पण त्यांचा जीव मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीत. मी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, तेव्हा काउंटरवर मीच बसायची. स्पॉन्सरकडचे वागळे म्हणून एक साहेब होते. त्यांनी फोनवर सांगितलं होतं की कंपनी तुमच्या गावची, तुम्हाला जास्त माहिती, तुमचा भाव बघूनच आम्ही मुंबईहून भाव देऊ. दलाल म्हणून आम्हालाच घ्या असा हट्ट खुद्द अक्कानं धरला होता. मी मनात म्हटलं, हे मला दाखवायला, की तू बस खुर्चीवर आणि रोज माझं नाव लिही.

मी अक्कावर जळत होते, हे आता सरळच सांगते. आणि जळण्यासारखं होतंच.

आधी सगळं उलटं होतं. अक्काचं लग्न झालं आणि वर्ष फिरायच्या आत ती परत आली. नवऱ्यानं तिला टाकलं की तिनं नवऱ्याला, हा विषय आमच्या घरात काढायचा नाही असं ठरून गेलं होतं. मग माझं लग्न झालं, हळदीच्या बड्या अडत्याच्या घरात. एक तरी पोरगी नशीब घेऊन आली, असं लोक माझ्याकडं बघून म्हणायचे. माहेरी जाताना मी अक्कासाठी माझ्या साड्या घेऊन जायची, चांगल्यातल्या, थोड्याशाच विटलेल्या. अक्का हसून ठेवून घ्यायची. पुढं एकदा बघते तर त्या साड्या फाडून तिनं फडकी केली होती आणि त्यात बँडेजं बांधून ठेवली होती. मिरजेच्या दवाखान्यांसाठी ती घरी बसून पट्ट्या गुंडाळायला लागली होती. पट्ट्यांमागून गॉज आलं, मग मोडल्या हाडाला घालतात ती प्लास्टरची बँडेजं, मग कुपवाडला शेड, मग आणखी एक शेड. कंपनीचं नाव ठेवलं 'कुसुमाई सर्जिकल्स'. कुसुम म्हणजे आमची आई. आई दोघींची होती, नाव एकटीनं वापरलं, मला विचारलंसुद्धा नाही.

आणि आप्पा. माझ्या लग्नात बँडवाल्याशी मांडवाच्या दारात घासाघीस करणारे आप्पा अक्काचा इश्यू निघाला, म्हणजे दहा रुपयांना एक असे तिच्या कंपनीचे शेअर विक्रीला आले, तेव्हा सायकलवरून गावोगाव हिंडले. पाहुण्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी एकेकाला शेअर घ्यायला लावले. ज्यांना शेअर म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांनीही घेतले, आणि खरं तर त्यांनीच जास्त घेतले.

पूजा झाली, पेढे संपले, आणि त्यानंतर काहीच झालं नाही. मी रोज सकाळी दोन भाव लिहायची, दहाच्या जरा खाली खरेदीचा, दहाच्या जरा वर विक्रीचा. आप्पा रोज येऊन उंबऱ्यातून विचारायचे, अक्काचा भाव काय आज. मी सांगायची, कालचाच. बरं हाय, म्हणून ते समाधानानं जायचे. मी कशी आहे हे विचारायला ते यापूर्वी कधी रोज आले नव्हते.

विकायला मात्र कोणी फिरकेना, आणि बाहेरचं कुणी घ्यायलाही येईना. इश्यूतले सगळे शेअर गोतात गेलेले आणि गोत ते धरून बसलेलं. महिना उलटला, दुसरा निम्मा गेला, तरी पडद्यावर व्यवहार शून्यच. शेवटी वागळ्यांनी फोन करून मला बजावलं, आणि तेच अक्कालाही. सरकारी दवाखान्यांची मोठी ऑर्डर अक्काच्या पदरात पडायच्या बेतात होती. पहिला ट्रक पास झाला की वर्षभराचं काम, पण त्यासाठी बँडेजं निर्जंतुक करायचं मोठं यंत्र हवं आणि यंत्रासाठी दुसरा इश्यू. वागळे म्हणाले, ज्या शेअरला हात लावायला कुणी तयार नाही त्याचा दुसरा इश्यू मी कोणत्या तोंडानं काढू. थोडी तरी उलाढाल दाखवा, नाहीतर आम्ही मागं सरतो.

तेव्हा अक्का माझ्याकडं आली आणि म्हणाली, चल माझ्याबरोबर, लोकांना शेअर विकायला सांगू. तुझ्याकडंच विकायचेत, तू असलीस तर बरं.

मी लगेच चप्पल पायात घातली. अक्का कुणाच्या तरी दारात काही मागायला उभी राहणार आणि मी शेजारी उभी राहून बघणार, असा योग काही रोज येत नाही.

पहिल्यांदा गेलो काकूंकडं. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. अक्कानं नीट समजावून सांगितलं की काकू, सगळे नकोत, थोडे विका, बाजारात हे हलतं राहिलं पाहिजे, तुम्हाला पैसेही मिळतील. काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"माझं काय चुकलं गं?" काकू म्हणाल्या.

"चुकलं कुठं म्हणलं मी?"

"मग परत कशाला घ्यालीस? लेक माघारी आली तवा आमच्यानं काय झालं न्हाई. तिच्या कामाला चार पैसं लागलं, ते दिलं. दिलेलं कुणी परत घेतंय व्हय?"

"दिलेलं नाही काकू, ते शेअर आहेत. तुम्ही कंपनीच्या मालक आहात."

"मालक बिलक आम्हाला नको. तू ऱ्हा सुखी."

आणि त्यांनी अक्काच्या ओंजळीत शेंगा घातल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, तुला काय बाई, तुझं सगळं चांगलंच आहे. मला शेंगा दिल्या नाहीत.

मावशीकडं तेच, आष्ट्याला मामांकडं तेच. मामांना तर राग आला. आम्ही काय मेलोय का, म्हणाले, भाचीच्या कामातून पैसं काढून घ्यायला. अक्का आधी हसत होती, मग समजावत होती, मग नुसती बसून राहायला लागली. मला वाटलं होतं तिची फजिती बघून गंमत येईल. फजिती झालीच, पण गंमत मला आली नाही. घरोघरी तिला नाही म्हणत होते आणि प्रत्येक नाहीतून तिच्यावरची माया सांडत होती. माझ्या नावाचा असा शेअर निघाला असता तर हेच लोक दुसऱ्या दिवशी विकून मोकळे झाले असते, तुला काय कमी आहे म्हणून. एस.टी.त परत येताना मी खिडकीकडं तोंड करून बसले आणि अक्काला वाटलं मी तिच्या काळजीत आहे.

त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि मनगट मोडलं.

हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. बँडेज अक्काच्या कंपनीचं होतं, ते मी पाकिटावरून ओळखलं, आणि डॉक्टरांनीही मुद्दाम कौतुकानं दाखवलं. पण प्लास्टर वाळेना. अर्धा तास झाला, तास झाला, वर बोट दाबलं की दबायचं. डॉक्टर जरा गडबडले, हवा दमट आहे म्हणाले. घरी आणलं तर दुसऱ्या दिवशी अंथरुणात पांढरा भुगा. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या बहिणीनं माझ्या हातावर रव्याचा लाडू वळलाय का गं. पुन्हा नेलं, दुसऱ्या कंपनीचं घातलं, ते चहा यायच्या आत घट्ट झालं.

सासूबाईंच्या हाताचं मला वाईट वाटलं. पण आतून काय वाटलं ते वाईट नव्हतं.

मी औषधाच्या दुकानातून अक्काची दोन पाकिटं आणली. एक जुन्या, जाड पिशवीतलं, एक नव्या, पातळ पिशवीतलं. दुपारी स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून पातेल्यात पाणी घेतलं, नव्या पिशवीतलं बँडेज भिजवलं आणि लाटण्याला गुंडाळलं. जुन्या पिशवीतलं दुसऱ्या लाटण्याला. जुनं बघता बघता दगड झालं. नवं मऊच राहिलं आणि संध्याकाळपर्यंत पापुद्रे सुटायला लागले. पिशवी पातळ केल्यामुळं आतलं प्लास्टर दुकानातच दमट होत होतं, इतकं साधं. पैसे वाचवायला गेली असणार. सगळ्यांची हुशार अक्का आणि एवढं कळलं नाही. नव्याचं ते लाटणं मी ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवलं. का ठेवलं, तर मधून मधून बघायला.

अक्काला फोन करून सांगायचं माझ्या मनात आलं नाही, असं नाही. आलं आणि मी ते बाजूला ठेवलं. माझं काम भाव लावायचं होतं. माल असा निघायला लागला तर ही कंपनी दहाची नाही हे मला दिसत होतं, आणि जे दिसतं ते लिहायचं हाच तर धंदा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरेदीचा भाव आठवर आणला आणि विक्रीचा त्याच्या थोडा वर. थोड्या वेळानं मुंबईचा भावही खाली आला. ते दोन आकडे मी पडद्यावर बघत राहिले. इतक्या वर्षांत अक्काविषयी माझं जे मत होतं ते मला पहिल्यांदा जाहीर लिहायला मिळालं होतं.

नेहमीप्रमाणं आप्पा आले. भाव सांगितला तर उंबऱ्यातच बसले. मग हळूच म्हणाले, मुंबईवाल्यांनी पाडला ना. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. माझी लेक असं करणार नाही, एवढं त्यांनी धरूनच टाकलं होतं, म्हणून ते तसेच उठून गेले.

आता गोत खवळेल, घाबरेल, विकायला धावत येईल, असा माझा अंदाज होता. त्यासाठी तयारी करून बसले होते. दुपारी गोत आलं खरं. काकू आल्या, मावशी आल्या, मामा फेटा न बांधताच आले. सगळ्यांच्या पुढं आप्पा, बँकेतली ठेव मोडून. पण त्यांच्यातला एकही विकायला आला नव्हता. भाव पडला म्हणजे पोरीला कुणीतरी पाडतंय, तेव्हा आपण धरलं पाहिजे, असं त्यांचं ठरलं होतं. सगळ्यांना घ्यायचेच होते. नाही म्हणायची मला सोय नव्हती. आमच्याकडं विकायला म्हणून ठेवलेले शेअर मी देत गेले, कमी पडले तेव्हा मुंबईहून मागवले.

"घाबरू नको राजू," काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आम्ही हाय. अक्काला काय होऊ देत न्हाई."

ज्या बाईनं भाव पाडला तिलाच त्या धीर देत होत्या. मला हसू यावं की रडू हे कळेना. पडद्यावर व्यवहारांची रांग लागली होती. अक्कानं घरोघरी विनवून जे झालं नाही ते माझ्या रागानं एका दुपारी करून दिलं होतं. वागळ्यांचा फोन आला, खुशीत होते. अशी उलाढाल आठवडाभर राहिली तर पुढच्या इश्यूचं बोलू, म्हणाले. मी फोन ठेवला आणि कपाट उघडून लाटण्याकडं बघितलं. काय उपयोग तुझा, असं वाटलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास अक्का आली. रिक्षातून उतरली ती सरळ ऑफिसात, चप्पलसुद्धा न काढता. तिचे डोळे लाल होते. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले, कारण ती म्हणणार, का केलंस असं. तिनं तसं विचारलं नाही. समोरच्या स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"कशात कमी दिसलं तुला?"

"म्हणजे?"

"भाव उतरवलास तो उगीच नसशील उतरवला. तुला काहीतरी दिसलंय. सरकारी दवाखान्याचा ट्रक भरून उभा आहे, उद्या सकाळी सुटतोय. मला आज सांग."

इथं एक क्षण असा होता की मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मुंबईनं पाडला, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. गोतानं ते आधीच मानलं होतं, अक्कानंही मानावं लागलं असतं. ट्रक गेला असता, माल पहिल्याच दवाखान्यात भुगा झाला असता, ऑर्डर गेली असती, यंत्र गेलं असतं. मग मी पुन्हा साड्या घेऊन माहेरी गेले असते. मला ते सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं आणि खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं.

तरी मी उठले आणि कपाटातून लाटणं काढून तिच्या हातात दिलं. का दिलं, याचं मोठं कारण काही नाही. मी एकटीनं एवढी खोट शोधून काढली होती आणि ती बघून मान डोलवील असं माणूस जगात एकच होतं.

अक्कानं अंगठा दाबला. प्लास्टरचा तुकडा निघून तिच्या मांडीवर पडला. तिनं तो चिमटीत चुरला, नाकाशी नेला, जिभेला लावून बघितला. किती वेळ भिजवलंस, पाणी गार होतं की कोमट, पाकीट कुठल्या दुकानातलं, सगळं एकामागून एक विचारलं आणि मी सांगत गेले. शेवटी मी म्हटलं, पातळ पिशवीतलं आहे, जाड पिशवीतलं चांगलं आहे. तिनं डोळे मिटून घेतले.

मग तिनं माझ्याच फोनवरून कारखान्यात फोन लावला आणि ट्रक उतरवायला सांगितला. सगळा माल, एकही खोकं ठेवू नका. पलीकडचा माणूस काहीतरी बोलत राहिला, मुदत, दंड असलं काहीतरी, ती फक्त उतरवा म्हणत राहिली. पुढं जाड पिशव्यांतून नवा माल गेला आणि पास झाला, दुसरा इश्यूही निघाला. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी फोन ठेवताना तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तुला माझा राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की. रिक्षात रडत आले." ती लाटणं मांडीवर आडवं धरून बसली होती. "पण तुला दलाल ठेवलं ते ह्याच्यासाठीच तर."

"कशासाठी?"

"वागळे नको म्हणत होते तुला. सख्खी बहीण आहे, भाव फुगवून ठेवील, म्हणाले. मी म्हणलं, साहेब, ती फुगवायची नाही. ती माझ्यावर जळते."

मी किती वर्षं किती जपून हसले होते, किती सणांना तिच्यासाठी आवर्जून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या.

"मुंबईला जाऊन तू हे परक्या माणसाला सांगितलंस?"

"खोटं सांगितलं का?"

मी पदरानं उगीचच फोन पुसायला लागले.

"म्हणलं, माझ्यात उणं असंल तर सगळ्यांच्या आधी हिला दिसंल, आणि ती सोडायची नाही. ती जो भाव लावंल तेवढी तरी मी असंनच." तिनं पुन्हा पदर डोळ्यांना लावला. "आज भाव उतरला तर काकूनं फोन केला, रडू नको म्हणाली. आप्पा ठेव मोडून आले. मामा आले. सगळ्यांनी शेअर घेतले, पण तुझ्या मालात काय झालंय, असं एकानं विचारलं नाही. मी माघारी आल्यापासून ही सगळी माझ्या बाजूचीच आहेत गं राजू. मग माझी किंमत मी विचारायची कुणाला?"

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवायला लागला. तिनं त्याला थांबवून ठेवलं होतं. लाटणं नेऊ का, असं तिनं विचारलं, कारखान्यातल्या बायकांना दाखवायला. ने म्हटलं. सकाळी भाव आणखी उतरवावा लागेल, माल परत घेतलास म्हणजे तोटा आहे, असं मी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, उतरव, जेवढा बसतो तेवढाच लाव. मग गेली.

मी दिवा न लावता काउंटरवर बसून राहिले. राग यायला हवा होता, पण तो कुठून आणावा हे सुचेना. मी माझ्या माणसांचा विचार करत होते. मिस्टर मला कधी उणा शब्द बोलले नाहीत. सासूबाई चारचौघांत कौतुकच करायच्या. माझं सगळं चांगलं आहे एवढं आप्पांना पुरत होतं, आणि काकूंनाही. मी काय करते, ते कसं करते, कुठं चुकते, यावर डोळा ठेवून बसलेलं, माझ्यातली खोट शोधायला दुपारभर स्वयंपाकघरात उभं राहील असं माणूस आठवायला गेले तर एकही आठवेना. आयुष्यभर मी अक्काचं काय काय बघून जळले. पण तिच्याकडं मी होते आणि माझ्याकडं तसं कुणीच नव्हतं, याचा त्या संध्याकाळी मला जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याआधी कशाचाच वाटला नव्हता.